रॅलीसाठी गाडी करायची: घरची स्विफ्ट की जुनी एस्टीम?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या दारात बहुतेक वेळा एक स्विफ्ट उभी असते. हप्ते नुकतेच फिटलेले असतात, गाडी हातात बसलेली असते, आणि नाशिकच्या रॅलीत मुरमाच्या रस्त्यावर धुरळा उडवत गेलेली एखादी गाडी काही केल्या डोक्यातून जात नसते. मग घोळ सुरू होतो. हीच गाडी तयार करावी, की स्वस्तातली जुनी मारुती एस्टीम घेऊन तिच्यावर काम करावं? मी आधी नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे चालकाशेजारी रस्ता आणि वेळ सांगायला, बसायचो, नंतर एक एस्टीम उभी केली, आणि घरच्या स्विफ्टने टीएसडी, म्हणजे ठरलेली सरासरी राखायची रॅली, आजही करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: वेगाच्या रॅलीसाठी रोजच्या वापरातली गाडी कापू नका. पण स्विफ्टची बाजू काही लंगडी नाही, म्हणून दोन्ही गाड्या नीट शेजारी ठेवून बघू.

आधी रॅली कोणती ते ठरवा

टीएसडी म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. रस्ता वाहतुकीला खुला असतो, वेग कायद्यात बसणारा असतो, आणि आयोजकांनी दिलेली सरासरी अचूक राखायची असते. ठरल्यापेक्षा लवकर पोचलात तरी दंड, उशीर झाला तरी दंड. सगळा खेळ रोडबुक (वाटेची वळणं आणि अंतरं लिहिलेली वही), घड्याळ आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या आकडेमोडीचा.

या प्रकारात स्विफ्ट सरळ जिंकते. गाडीत जवळजवळ काहीच करावं लागत नाही. एसी आहे, गाडी भरवशाची आहे, दिवसभर बसून पाठ धरत नाही. चांगले टायर, हवा भरलेली स्टेपनी, इंजिनाच्या पोटाला मार लागू नये म्हणून खाली एक सम्प गार्ड, नॅव्हिगेटरसाठी वाचायचा दिवा, एवढ्यावर पहिली रॅली होते.

एक चूक मात्र नवखे हमखास करतात. रुबाबासाठी मोठे टायर टाकतात आणि मग सरासरी का जुळत नाही म्हणून रात्रभर डोकं खाजवतात. साधा हिशोब बघा. १७५/७० आर १३ काढून १८५/७० आर १३ टाकला, तर चाकाचा घेर साधारण २.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गाडी खरी १०० किलोमीटर गेली तरी मीटर साडेसत्त्याण्णवच्या आसपास दाखवणार. ताशी ३६ ची सरासरी दिली असेल, तर गाडीने सेकंदाला १० मीटर जायचं असतं. अडीच किलोमीटरची चूक म्हणजे चार मिनिटं, आणि जिथे सेकंदावर दंड मोजतात तिथे चार मिनिटांत रॅली हातची गेली. म्हणून टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच ठेवा, आणि आयोजक जो मापून दिलेला पट्टा देतात त्यावर मीटर जुळवून घ्या.

एवढंच करायचं असेल तर एस्टीमच्या नादी लागण्याचं कारण नाही. खरी तुलना पुढे, वेगाच्या रॅलीत सुरू होते. तिथे रस्ता बंद केलेला असतो, त्याचा एकेक टप्पा, म्हणजे स्टेज, घड्याळावर मोजली जाते, आणि उतरायला एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेचं स्पर्धा-लायसन्स लागतं. हेल्मेट, आगरोधक सूट, रोल केज, बकेट सीट, हार्नेस, अग्निशामक हे सगळं आलंच.

रोल केज आणि रोजची गाडी

केज म्हणजे गाडीच्या आत उभा केलेला पायपांचा सांगाडा. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या मापांप्रमाणे चालकाच्या पाठीमागच्या मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा पायप लागतो, किंवा ५० चा असेल तर जाडी २ मिलिमीटर चालते. बाकीचे पायप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. पाय जिथे टेकतात तिथे पत्र्यावर किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी वेल्ड करायची, आणि केज बोल्टाचा असेल तर प्रत्येक पायाला कमीत कमी तीन एम-८ बोल्ट. काम सुरू करण्याआधी त्या वर्षीचं एफएमएससीआयचं नियमपुस्तक वाचा, कारण स्क्रुटिनीला, म्हणजे रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीला, तेच उघडलं जातं.

आता हाच सांगाडा घरच्या स्विफ्टमध्ये बसलाय असं समजा. स्टेजवर डोक्यावर हेल्मेट असतं, अंग हार्नेसने सीटला बांधलेलं असतं. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना यातलं काहीच नसतं, आणि कानापासून वीतभर अंतरावर पोलादी पायप असतो. सिग्नलला मागून कुणी साधी धडक दिली तरी डोकं त्या पायपावर आपटू शकतं. मागे मुलं बसवायची तर मागची सीटच काढलेली असते. एअरबॅग ज्या पट्ट्यांचा आणि ज्या सीटचा विचार करून बनवलेल्या असतात, ते पट्टे आणि त्या सीट आता गाडीत नाहीत. जी गाडी स्टेजवर दोघांचा जीव वाचवेल तीच गाडी रस्त्यावर घरच्यांना धोक्याची होते. माझ्यासाठी हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे.

त्यात कायदा आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. हे एस्टीमलाही लागू आहेच. पण एस्टीम ट्रेलरवरून रॅलीला नेता येते, ऑफिसची गाडी रोज ट्रेलरवरून नेता येत नाही. विम्याचंही तसंच. पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो, त्यात संघटित शर्यती, वेगाच्या चाचण्या, रिलायबिलिटी ट्रायल हे वगळलेलं असतं. स्टेजवर गाडी उलटली तर खर्च आपल्या खिशातून. नुकतेच हप्ते फेडून मोकळ्या केलेल्या गाडीवर हा जुगार खेळू नये.

इंजिन, पत्रा, सुटे भाग

ताकदीत दोघी जवळजवळ बरोबरीच्या आहेत. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शनच्या) एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन साधारण ८५ अश्वशक्तीचं, के-सिरीज स्विफ्टचं ११९७ सीसीचं इंजिनही तेवढंच. वजनात एस्टीम हलकी, पावणेनऊशे किलोच्या आसपास. दुसऱ्या पिढीची स्विफ्ट तिच्यापेक्षा जड. नवीन स्विफ्ट पुन्हा हलकी झाली आहे, पण ती कापायची कुणाची छाती होणार?

एस्टीमची खरी मोठी बाजू म्हणजे तिचा साधेपणा. ॲक्सिलरेटर केबलचा, क्लच केबलचा, इलेक्ट्रॉनिक्स मोजकं. गावातला कुठलाही जाणता मिस्त्री बॉनेट उघडून सांगू शकतो काय बिघडलंय. नव्या गाडीत एक सेन्सर काढला की मीटरमध्ये दिवे लागतात आणि कधीकधी इंजिन स्वतःच दम कमी करतं. एबीएसचंही तेच. डांबरावर एबीएस जीव वाचवतं, पण सुट्या खडीवर लॉक झालेल्या चाकापुढे खडीचा ढीग साचतो आणि त्यानेच गाडी थांबते. एबीएस चाक लॉक होऊच देत नाही, म्हणून मुरमावर थांबायचं अंतर वाढतं. स्विफ्ट स्टेजवर न्यायची तर याचा बंदोबस्त करावा लागतो, एस्टीमला त्याची गरजच नाही.

सुट्या भागांबाबत लोकांना वाटतं की २००७ ला बंद झालेल्या गाडीचं काय मिळणार. इंजिनाचं मिळतं. एस्टीमचं इंजिन ज्या कुळातलं, त्याच कुळातलं जिप्सी किंगचं आणि पहिल्या १.३ स्विफ्टचं, त्यामुळे बराच माल अजून बाजारात आहे. अडतं ते बॉडीच्या भागांवर. दरवाजा, फेंडर, मागची काच, डिकीचं झाकण यासाठी भंगारवाल्यांकडे चकरा मारा, आणि चांगला भाग दिसला की गरज नसली तरी उचलून ठेवा. स्विफ्टचं काहीही तालुक्याच्या दुकानातसुद्धा मिळतं. रॅलीच्या रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी करायची असताना, या फरकाची किंमत कळते. इथे एस्टीम मागे पडते हे मान्य करायला हवं.

आणि पत्रा. आज बाजारात असलेली प्रत्येक एस्टीम पंधरा वर्षांपुढची आहे, म्हणजे फिटनेस, पुनर्नोंदणी, हरित कर हे सगळं आरसीवर तपासायचं. कागद जमले तरी गंज राहतोच. मी एस्टीम बघायला जाताना एक स्क्रूड्रायव्हर, एक लहान लोहचुंबक आणि टॉर्च घेऊन जातो. बॉनेट उघडायचं, आणि पुढचा शॉकअप जिथे वर येऊन बोल्टने बसतो त्या वाटीभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला पत्रा बद्द आवाज देतो, कधी रंगाचा पापुद्रा सुटून खाली तपकिरी चुरा पडतो. मग दरवाजाखालच्या पट्टीवर चुंबक फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. शेवटी पायाखालचं मॅटिंग उचलून बोटं दाबायची. ओलसर लागलं, वास आला, तर नमस्कार करून परत यायचं. स्टेजवर प्रत्येक खड्ड्याचा मार त्या वाटीवर आणि त्या फरशीवरच येतो, आणि केजचे पायही तिथेच उभे राहणार असतात. कोकणात आयुष्य काढलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी मी घेत नाही. देशावरची, रंग उडालेली, डेंट पडलेली पण वाळलेली गाडी चांगली.

पैसा कुठे जातो

एस्टीम स्वस्त म्हणून रॅली स्वस्त, असं नाही. दोघांच्या सीट, हार्नेस, हेल्मेट, धडकेत मान सांभाळणारं हान्स आणि सूट यांचाच खर्च जुन्या एस्टीमच्या किमतीच्या वर जातो. हा खर्च दोन्ही गाड्यांना सारखाच आहे. फरक इतकाच की एस्टीम उलटली तर सीट, पट्टे, हेल्मेट तपासून, जे शाबूत असेल ते काढून दुसऱ्या जुन्या बॉडीत बसवता येतं आणि मनाला फारसा घोर लागत नाही.

इंजिनावर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नका. टायमिंग, प्लग, कूलिंग नीट ठेवा, बस. पैसा आधी सुरक्षिततेवर, मग शॉकअपवर, मग टायरवर, मग खालच्या गार्डवर. शॉकअपबाबत गैरसमज फार आहे. स्प्रिंग कापून गाडी जमिनीला टेकवली की रॅलीची गाडी झाली असं वाटतं, ते डांबरी ट्रॅकचं वेड आहे. मुरमावर चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा लागते, नाहीतर गाडी पोटावर आपटते आणि इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटतं. गार्ड चांगल्या जाडीच्या ॲल्युमिनियमचं करा, आणि ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवायला सांगा.

केजच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. एका फॅब्रिकेटरने फार देखणं काम करून दिलं, वेल्ड एकसारखे, रंग गुळगुळीत. स्क्रुटिनीला बसलेल्या गृहस्थांनी तपासणीचं छोटं भोक बघितलं, मग केजच्या उरलेल्या तुकड्यात बोट घालून गोल फिरवलं आणि मला म्हणाले, ‘तुम्ही पण बघा.’ आत एक बारीक उंचवटा लागत होता, पायपाच्या पूर्ण लांबीभर गेलेला. तो पट्टी वळवून शिवलेला पायप होता, नळकामात वापरतात तसा. केजला अखंड ओढलेला, शिवण नसलेला पायप लागतो. धडकेत शिवलेला पायप त्या रेषेवर उकलू शकतो. पूर्ण केज कापून काढावं लागलं, हंगाम गेला. तेव्हापासून पायप विकत घेतानाच मी दुकानात बोट घालून बघतो आणि बिल जपून ठेवतो. तुमची गाडी कुठलीही असो, हे काम दुसऱ्यावर सोडू नका.

जिप्सी, आणि तयार गाडी

जिप्सीचं नाव निघणारच. शिडीसारखी चासी, खाली पाटे, फोर-व्हील-ड्राइव्ह, मार सोसणारी गाडी. पण चांगल्या जिप्सीचे भाव आता शौकिनांनी चढवून ठेवलेत, आणि वळणावर तिला सांभाळणं नवख्याला अवघड. पहिल्या गाडीसाठी मी सुचवत नाही.

एखाद्याची तयार रॅली कार विकत घेणं मात्र गंभीरपणे विचारात घ्या. स्वतः बनवण्यात जे वर्ष जातं ते वाचतं, आणि विकणाऱ्याला त्याचा खर्च जवळजवळ कधीच परत मिळत नाही. बनवण्याची हौस नसेल, फक्त चालवायचं असेल, तर माझ्या मते हाच रस्ता एस्टीमपेक्षाही बरा. बघताना रंगावर भाळू नका. सीटच्या आणि हार्नेसच्या लेबलवरचं साल वाचा. एफआयएच्या ८८५५-१९९९ या प्रमाणातली सीट बनल्यापासून पाच वर्षं चालते, हार्नेसच्या लेबलवर मुदत छापलेलीच असते. मुदत संपलेली असेल तर तेवढे पैसे किमतीतून वजा करा. निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण असलेला किल-स्विच बाहेरून ओढून बघा, चालू इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. आणि मालकाला विचारा की गाडी शेवटची कधी उलटली. उत्तर काहीही आलं तरी छताजवळच्या केजच्या सांध्यांवर टॉर्च मारा. वेल्डच्या कडेला केसाएवढी जरी चीर दिसली, तर ते केज बदलायचं आहे असं धरूनच भाव बोला.