45,000 रुपयांचा तयार पोर्टफोलिओ

आमच्या मुलीने अकरावीतच ग्राफिक डिझाइन शिकायचे ठरवले होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी होती. पण पुढे प्रवेश कसा घ्यायचा हे नीट सांगणारे साताऱ्यात आमच्या ओळखीचे कोणी नव्हते, आणि याच अज्ञानापोटी आम्ही पुण्यातील एका ‘डिझाइन करिअर सल्लागारा’ला 45,000 रुपये देऊन बसलो. तक्रार अद्याप निकाली निघालेली नसल्याने नाव देत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी मुलीच्या वह्या चाळल्या आणि ‘हात चांगला आहे, पण पोर्टफोलिओशिवाय आयआयटीत काय, सरकारी कॉलेजातही कोणी दारात उभे करणार नाही,’ असे ठामपणे सांगितले. वीस पानांचा पोर्टफोलिओ, म्हणजे मुलीच्या निवडक कामाचा संग्रह, ते तयार करून देणार होते, शिवाय प्रवेशाची हमीही. पैसे तीन हप्त्यांत यूपीआयने गेले, तेही एका व्यक्तीच्या खात्यावर. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, पैसे कशाचे याचा उल्लेख नव्हता. तळाशी बारीक अक्षरांत ‘शुल्क परत मिळणार नाही’ एवढे मात्र आवर्जून छापले होते. तेव्हाच खटकायला हवे होते, पण मुलीच्या वर्षाचा प्रश्न आला की आपण पावत्या वाचत नाही.

डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेत असलेल्या ‘यूसीड’ परीक्षेचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा त्यात पोर्टफोलिओसाठी जागाच नव्हती. निवड या परीक्षेतील गुणांवर होते, आणि तिच्या दुसऱ्या भागात परीक्षेच्या खोलीत बसून हातानेच रेखाटन करावे लागते. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्य सीईटी कक्ष घेत असलेल्या परीक्षेतही चित्रे समोर बसूनच काढायची असतात. काही खासगी संस्था मुलाखतीला पोर्टफोलिओ पाहतात, हे खरे आहे. सल्लागाराने तेवढ्याच अर्धसत्यावर आपले दुकान थाटले होते.

मग मुलीने तो पोर्टफोलिओ बारकाईने पाहिला. पावसाळी पर्यटनाच्या एका पोस्टरवर ‘वर्षा’मधला रफार ‘ष’ऐवजी ‘व’वर चढला होता. ‘आई, मी हे असे कधी लिहीन का?’ एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या पानावर उजव्या कोपऱ्यात निळ्या रंगाचा एक चौकोन आजूबाजूच्या निळ्यापेक्षा किंचित फिका होता. स्क्रीनचा उजेड वाढवल्यावर त्याच्या कडेला पुसलेल्या सहीची शेपटी दिसली. ते चित्र गुगल लेन्सवर टाकताच एका परदेशी चित्रकाराच्या पानावर मूळ चित्र सापडले. असा पोर्टफोलिओ घेऊन ती एखाद्या मुलाखतीला बसली असती, तर चोरीचा ठपका सल्लागारावर नव्हे, तिच्यावर आला असता.

जाब विचारल्यावर सल्लागारांनी फोन घेणे बंद केले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी वर्गांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु स्वतःला ‘सल्लागार’ म्हणवणारे आपण वर्ग चालवतच नाही, असे सांगून हात झटकतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर मात्र 15,000 रुपये खात्यात परत आले, सोबत एक शब्दही नाही.

उरलेल्या 30,000 रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो आहोत. अर्जासोबत तिन्ही हप्त्यांचे स्क्रीनशॉट, ‘प्रवेशाची हमी’ हे शब्द असलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि पुसलेल्या सहीचे ते पान जोडले आहे.