उतार न कापता उभं राहिलेलं आमचं घर

उताराच्या जागेवर घर बांधायचं म्हटल्यावर आधीच्या आर्किटेक्टने सरळ जमीन सपाट करायला सांगितलं होतं. नंतर ज्यांना काम दिलं त्या बाई मात्र भर पावसात जागा बघायला आल्या. पाणी कुठून उतरतं, कुठे मुरतं, हे छत्री धरून दोन तास पाहिलं. मगच कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराची मोजणी, आणि माती परीक्षण. तिथेच माझा विश्वास बसला.

घर कॉलमवर आहे, अर्ध्या-अर्ध्या मजल्याने उतारासोबत खाली येणारं. त्यामुळे खोदकाम फक्त कॉलमच्या पायापुरतं, आणि पावसाचं पाणी घराखालून आपल्या वाटेने जातं. जुन्या झाडाची मुळं लागली तेव्हा त्यांनी कॉलमच सरकवला, तिथलं खोदकाम मशीनऐवजी हाताने करून घेतलं. एकाच ठिकाणी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, लागली. तिच्यामागे खडीचा थर, छिद्रांचा पाइप आणि भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवली. पाणी मागे साचलं तर त्याचा दाब भिंत ढकलतो, हे त्यांनी मिस्त्रींना स्वतः उभं राहून समजावलं. पश्चिमेला खोल छज्जा आहे. दुपारी पंखा पुरतो.

तक्रार एकच, पण मोठी. आईची खोली प्रवेशाच्या पातळीवर हवी होती. आता तिला रोज सात पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघे दुखतात. हे त्यांनी आराखड्याच्या वेळीच विचारायला हवं होतं.

तरीही उताराची जागा असेल तर मी ह्यांचंच नाव सुचवेन.