शाळेच्या बेसबॉल संघासाठी बॅट: लाकडी, अ‍ॅल्युमिनियम की कंपोझिट?

सांगली-मिरजेकडच्या ज्या शाळा बेसबॉलचा संघ उभा करतायत, तिथल्या क्रीडाशिक्षकांना बॅटचा खर्च सगळ्यात आधी टोचतो. दुकानात गेलं की लांब मारणारी बॅट पुढे केली जाते. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: चेंडू किती लांब जातो हे शेवटी बघा. तो पिचरकडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूकडे, किती वेगाने परत येतो, हे आधी.

पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो तिथपासून, १८.४४ मीटरवर असते. फेकताना तो पुढे पाऊल टाकतो, त्यामुळे बॅटरपासून उरतात साधारण साडेसोळा मीटर. ताशी १४५ किलोमीटर वेगाने परतलेला चेंडू एवढं अंतर ०.४ सेकंदात कापतो. तेव्हा मुलगा अजून वाकलेलाच असतो, ग्लव्ह खाली असतो. बॅटरला हेल्मेट आहे, कॅचरला मास्क आणि छातीचं पॅड आहे. पिचर उघडाच.

अ‍ॅल्युमिनियमची बॅट आतून पोकळ असते. चेंडू आदळला की तिची भिंत किंचित आत दबते आणि उसळून परत येते. भरीव लाकडावर चेंडू स्वतः जास्त चेपतो आणि त्यातच बरीच ऊर्जा वाया जाते. पोकळ बॅटवर ती वाचते आणि चेंडूच्या वेगात उतरते. याला लगाम घालायला अमेरिकेत बीबीसीओआर हे मानक आलं. प्रयोगशाळेत स्थिर धरलेल्या बॅटवर यंत्रातून चेंडू डागतात आणि आदळण्याआधीचे-नंतरचे वेग मोजून आकडा काढतात. मर्यादा ०.५०, म्हणजे चांगल्या लाकडी बॅटच्या आसपास. तिथल्या कॉलेजांत हे २०११ पासून आणि हायस्कुलांत १ जानेवारी २०१२ पासून बंधनकारक आहे. सोबत वजनाचीही अट आहे: इंचातली लांबी आणि औंसातलं वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे ३२ इंचांची बॅट किमान २९ औंस, सुमारे ८२२ ग्रॅम.

या मानकात बसणाऱ्या बॅटवर बीबीसीओआरचा शिक्का असतो. आपल्याकडे तो सक्तीचा आहे का, हे त्या वर्षीच्या स्पर्धेच्या परिपत्रकात बघावं. सक्ती नसली तरी मी तोच मागेन.

लाकडी बॅटचा मोठा गुण म्हणजे एकसंध लाकूड असेल तर तिला या शिक्क्याची गरजच नाही. मात्र बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या बॅटला लागतो. अवगुण म्हणजे ती मोडते. अ‍ॅश लाकडाचे पापुद्रे सुटतात, मेपलचं लाकूड मात्र एकदम तुटून टोकदार तुकडा उडू शकतो. मेपलचे रेषे डोळ्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, २००९ पासून मुठीच्या भागावर शाईचा ठिपका देऊन ती कुठे पसरते ते पाहतात. रेषा बॅटच्या लांबीपासून ३ अंशांपेक्षा जास्त कललेली चालत नाही. शाळेतही हे करता येतं. ओळखीच्या सुताराकडून सागाची किंवा बाभळीची बॅट घडवून घ्यायचा मोह मात्र टाळा; वजन आणि रेषे दोन्ही बेभरवशाचे. आणि शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात, तेव्हा लाकूड साहित्याच्या खोलीत फरशीवर पडू देऊ नका.

अ‍ॅल्युमिनियम टिकतं. पोचा पडला किंवा चीर दिसली की बाद करायची, एवढं सोपं. कंपोझिटचं तसं नाही. ती कार्बन तंतूंच्या थरांची असते; हे थर वापराने सैल होतात, भिंत मऊ होते आणि बॅट नव्यापेक्षा जोरात मारू लागते. म्हणून तिला मुद्दाम जुनी करून पुन्हा तपासायची वेगळी चाचणी आहे. कुणी वापरलेली कंपोझिट स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, शिक्का असला तरी. आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलांना ८२२ ग्रॅम झेपत नाहीत. बॅट हातातून सुटते. त्यांच्यासाठी हलक्या बॅट असतात, पण त्यावरचे शिक्के दोन प्रकारचे. ‘यूएसए बेसबॉल’चा शिक्का १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि तो लाकडाजवळचा वेग राखतो. ‘यूएसएसएसए १.१५ बीपीएफ’ हा दुसरा शिक्का जास्त उसळी मान्य करतो. लहान मुलांसाठी मी बिनदिक्कत पहिलाच घेईन.

ज्या शाळेत सॉफ्टबॉलचा संघ आहे, तिथे त्याच बॅटने बेसबॉल खेळवला जातो. ते थांबवा. सॉफ्टबॉलची बॅट बारीक, सव्वादोन इंच व्यासाची. बेसबॉलच्या कठीण चेंडूने ती चेपते, तडकते.

थोडकं बजेट असलेल्या शाळेने सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या संघांसाठी बीबीसीओआर शिक्क्याच्या दोन अ‍ॅल्युमिनियम बॅट घ्याव्यात, सरावाला एक-दोन लाकडी. कंपोझिट नको. त्यातून वाचलेल्या पैशांत पिचरपुढे ठेवायची एल आकाराची जाळी करून घ्या. लोखंडी पाइपची चौकट कुपवाड एमआयडीसीतला कुठलाही वेल्डर करून देईल, वर जाड जाळी ताणून बांधायची. बॅटिंगच्या सरावात पिचर चेंडू सोडला की तिच्याआड सरकतो.