मडगावातील कायदेविषयक सल्लाकेंद्र : पालकत्व की दत्तक?
दिवंगत बहीण-मेहुण्यांची दोन्ही मुले फॉस्टर केअरमध्ये (तात्पुरत्या सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबात) होती, तेव्हा या केंद्रातील वकीलबाईंनी आम्हांला दोन्ही वाटा सविस्तर समजावल्या. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली पालकत्व घेतल्यास मुलांचे जन्मदात्यांशी असलेले नाते कायम राहते आणि मुलांच्या नावावरची घरजमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार दत्तक घेतल्यास मात्र नातेच कायमचे बदलते, आणि तो आदेश आता जिल्हाधिकारी देतात. पाच वर्षांवरील मुलाची संमती लागते, म्हणून थोरलीला शेजारी बसवून बाईंनी तिच्याशी कोकणीत निवांत बोलणे केले, हे मला फार मोलाचे वाटते. भावंडांची ताटातूट होऊ नये, हा त्यांचा आग्रह मनापासूनचा होता. फी माफक आहे. भेटीसाठी मात्र बरेच थांबावे लागते.