घरची शिष्या की बाहेरचा दिग्दर्शक?

टिळकवाडीतल्या आमच्या नृत्यगटाच्या ताई पुण्याला चालल्या, म्हणून सूत्रं कुणाकडे द्यायची यावर सध्या खल चाललाय. अ‍ॅल्विन एलींनी न्यूयॉर्कला काढलेल्या नृत्य कंपनीत दोन्ही प्रकार होऊन गेलेत. १९८९ मध्ये सूत्रं घेतलेल्या ज्युडिथ जेमिसन घरच्याच. १९७१ चं एकल नृत्य ‘क्राय’ एलींनी त्यांच्यावरच बसवलेलं. त्यात एकच लांब पांढरं कापड कधी फरशी पुसायचं फडकं होतं, कधी शाल. २०११ मध्ये आलेले रॉबर्ट बॅटल या कंपनीत कधी नाचलेच नव्हते. त्यांनी इस्रायली नृत्यदिग्दर्शक ओहाद नहारिन यांचं ‘मायनस १६’ आणलं, ज्यात नर्तक प्रेक्षकांनाच रंगमंचावर ओढून नेतात! एलींची गाजलेली रचना ‘रेव्हलेशन्स’ मात्र दोघांनीही चालूच ठेवलं. माझं मत घरच्या शिष्येला. फक्त अधूनमधून एखादी रचना बेंगळुरू-मुंबईच्या माणसाकडून बसवून घ्यावी, नाहीतर दर गॅदरिंगला तेच ते.