छोटी सिगार घ्यावी की मोठी? ठरवण्याआधी थोडं

सिगार ओढणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली तक्रार एकच असते: वेळ नाही. चर्चिल या लांब आकाराची सिगार पेटवली की सव्वा ते दीड तास गेलाच. रोबुस्टो म्हणजे त्याहून आखूड, जाडसर आकाराची घेतली तरी पाऊण तास ते तास. मध्येच विझवून उरलेली उद्या पेटवू म्हणाल तर तोंडात राखेची कडवट चव येते आणि चांगल्या मालाचं मातेरं होतं.

वेळेइतकाच जागेचाही प्रश्न आहे. न्यूयॉर्कमध्ये 2003 साली बार आणि रेस्टॉरंटमधलं धूम्रपान बंद झालं, इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 पासून आणि आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी. जेवण झाल्यावर खुर्चीत रेलून ओढायची चीज एकदम फुटपाथवर आली. जानेवारीतल्या लंडनमध्ये कोट आवळून दीड तास उभं राहायची हौस किती जणांना असणार? क्युबातल्या जुन्या घराण्यांनी हे बरोबर हेरलं. एच. उपमान ब्रँडची हाफ कोरोना 2011 मध्ये आली, पार्तागासची सेरी डी नंबर 6 2014 मध्ये. दोन्ही 90 मिलिमीटरच्या, म्हणजे किंग साइझ सिगरेटपेक्षा जेमतेम लांब. रोमियो इ हुलिएता या ब्रँडनं तर आपल्या प्रसिद्ध 178 मिलिमीटरच्या चर्चिलचं नाव घेऊन आधी 124 ची शॉर्ट चर्चिल काढली, मग 102 ची पेटिट चर्चिल.

तेव्हा तुमच्यापुढे दोन नाही, तीन पर्याय आहेत. पूर्ण आकाराची सिगार, हाताने वळलेली आखूड सिगार, आणि डबीत मिळणारी बारीक सिगारिलो. शेवटच्या दोन्हींना दुकानदार सर्रास ‘छोटी सिगार’ म्हणतात. खरा घोळ इथे होतो.

लांबीवर जाऊ नका

सिगारचं माप दोन आकड्यांत सांगतात, लांबी आणि रिंग गेज. रिंग गेज म्हणजे जाडी, इंचाच्या 64 व्या भागांत मोजलेली. 50 रिंगची सिगार 50/64 इंच, म्हणजे सुमारे 20 मिलिमीटर जाड. बहुतेक जण लांबी बघून छोटी-मोठी ठरवतात आणि फसतात. तंबाखू किती हे जाडीवर जास्त ठरतं, कारण जाडी थोडी वाढली तरी आतली जागा भराभर वाढते.

हिशोबच करून बघू. माँतेक्रिस्तो नंबर 4 ही पेटिट कोरोना या सडपातळ आकारातली क्युबाची गाजलेली सिगार, 129 मिलिमीटर लांब आणि 42 रिंगची. तिचं आकारमान साधारण 28 घन सेंटिमीटर भरतं. पार्तागास डी नंबर 6 तिच्यापेक्षा जवळजवळ चार सेंटिमीटर आखूड, पण 50 रिंगची, आणि आकारमान तेही 28 च्याच आसपास. म्हणजे एक लांब-सडपातळ, दुसरी बुटकी-गुटगुटीत, आणि माल सारखाच. आता नब ब्रँडची 460 घ्या: चार इंच लांब, 60 रिंग. हातात घेतली तर खेळणं वाटतं. तिचं आकारमान सुमारे 45 घन सेंटिमीटर, नेहमीच्या रोबुस्टोचं 38. नब ‘छोटी’ म्हणून घेणाऱ्याचा तास कुठे गेला ते त्याला कळत नाही.

वेळ वाचवायचा असेल तर आखूडही हवी आणि 50 रिंगच्या आतही हवी. हाफ कोरोना (90 मिलिमीटर, 44 रिंग) वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. पेटिट कोरोनाला अर्धा तास किंवा थोडा जास्त लागतो.

चवीत काय जातं, काय राहतं

इथे मी मोठ्या सिगारच्या बाजूने आहे, निदान रविवारी तरी. पूर्ण सिगारमध्ये धूर बऱ्याच लांबीच्या तंबाखूतून गाळत येतो. सुरुवातीला तो थंड आणि हलका लागतो, मग मधला टप्पा येतो आणि शेवटी चव दाट होत जाते. ही चढण आखूड सिगारमध्ये बसत नाही. पार्तागासच्या डी नंबर 4 (124 मिलिमीटर, 50 रिंग) आणि डी नंबर 6 या सख्ख्या बहिणी, जाडीही तीच. पण नंबर 6 पहिल्या झुरक्यापासूनच मिरपूड आणि लाकडाच्या चवीवर येते, आणि रंगात येते तोवर बोटांना चटके बसायला लागतात. शेवटचा इंचभर भाग गरम होतो. अधीरपणे झुरके मारले तर कडूच. मिनिटाला एक झुरका हा जुना नेम मोठ्या सिगारला शोभतो असं लोक म्हणतात. माझ्या मते तो छोटीला जास्त लागतो.

बारीक सिगारची मजा वेगळी आहे. सिगारमध्ये आत गाभ्याची पानं, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर देखणं वेष्टणाचं पान. जाडी कमी झाली की गाभा कमी होतो आणि वेष्टणाचं प्रमाण वाढतं. ज्याला वेष्टणाच्या पानाचीच चव आवडते, त्याने 40 ते 44 रिंगच्या सिगार घ्याव्यात. कोहिबा सिग्लो 1 किंवा माँतेक्रिस्तो नंबर 5, दोन्ही 102 मिलिमीटर आणि 40 रिंग. जोखीम एवढीच की बारीक सिगार वळताना पान जरा घट्ट बसलं तर धूर येता येत नाही. घेताना बोटांनी हळूच चेपून बघा. कुठे गाठ लागली तर ती परत ठेवा. टोक कापतानाही कमीच कापा. दीड-दोन मिलिमीटर पुरे. छोटीची टोपी, म्हणजे टोकावरचं पानाचं झाकण, इवलीशी असते, जास्त कापलं की वेष्टण ओठांत उलगडायला लागतं. आपल्या तिरुचिरापल्ली-दिंडीगुलच्या जुन्या चिरुटांना ही भानगड नव्हती, त्यांची दोन्ही टोकं उघडीच.

सिगारिलो हा वेगळाच मामला

कॅफे क्रेमसारख्या डब्या विमानतळावर सगळ्यांनी बघितल्या असतील. त्यातला माल बहुधा मशिनवर होतो आणि आत अख्खं पान नसतं, तुकडे असतात. पाच-दहा मिनिटांचा खेळ. छोट्या सिगारची चलती वाढली असं म्हणतात तेव्हा त्यातला बराच वाटा या मालाचा असतो, आणि त्यामागे चवीपेक्षा कायद्याच्या फटी जास्त आहेत. अमेरिकेत 2009 साली फळांच्या स्वादाच्या सिगरेटी बंद झाल्या, सिगार मात्र त्यातून सुटल्या. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून लिटल सिगारवरचा केंद्रीय कर सिगरेटच्या बरोबरीला आणला. तिथे हजार नगांचं वजन 3 पौंडांपर्यंत असेल तरच ती लिटल सिगार. मग काही कंपन्यांनी नगात वजन जरासं वाढवलं आणि तोच माल कागदोपत्री मोठी सिगार म्हणून कमी करात विकला. ब्रिटनमध्ये मे 2020 मध्ये मेंथॉल सिगरेटवर बंदी आली, तर मेंथॉलच्या सिगारिलो दुकानात दिसू लागल्या, त्याही दहाच्या पाकिटात. सिगरेटला मात्र वीसच्या पाकिटाची सक्ती आहे.

सिगारिलो वाईट असते असं मी म्हणणार नाही. पण सिगारची चव कळावी म्हणून सिगारिलोपासून सुरुवात करायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. पेढ्याची चव बघायला पेढ्याच्या स्वादाची गोळी चघळण्यातला प्रकार आहे तो.

पैशाचं गणित

लांबी तीस टक्के कमी म्हणून किंमतही तीस टक्के कमी असेल, ही अपेक्षा सोडा. वळणाऱ्याचा वेळ जवळपास तेवढाच जातो, वेष्टणाचं पान तेवढ्याच निगुतीनं निवडावं लागतं, पट्टी, खोकं आणि करही आहेतच. मिनिटामागे पैसे काढले तर छोटी सिगार अनेकदा महागच पडते. तरीही खिशातून एका वेळी कमी जातात, आणि क्युबन मालाच्या बाबतीत ही गोष्ट आता लहान राहिलेली नाही. 2022 मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या क्युबन ब्रँडच्या किमती जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेल्यावर बऱ्याच जणांनी मोठे आकार सोडून सिग्लो 1 वर समाधान मानलं.

दुसरा हिशोब वाया जाण्याचा. मोठी सिगार अर्ध्यावर टाकणाऱ्यांपैकी तुम्ही असाल तर छोटीच स्वस्त.

मुंबईचा पाऊस, पुण्याचा मे महिना

हाताने वळलेल्या सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. जुलैत मुंबईत किंवा पणजीत खोकं उघडं ठेवलं की बुरशी धरते, मे महिन्यात पुण्या-नागपुरात ती वाळून वेष्टण तडकतं. बारीक सिगार जाड सिगारपेक्षा लवकर सुकते आणि लवकर ओलही धरते, म्हणून छोट्या घेणाऱ्याने हवाबंद डबा आणि आर्द्रता राखणारी पुडी यात कंजूषी करू नये. ऊन वाढलं की तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि वेष्टणावर टाचणीएवढी भोकं दिसतात. तशी एक सापडली तर बाकीच्या लगेच वेगळ्या करा. या बाबतीत सिगारिलोवाल्यांचं बरं असतं. त्यातल्या बऱ्याच कोरड्याच बनवलेल्या असतात, डबी ड्रॉवरमध्ये पडली तरी चालतं.

आणि तब्येत

छोटी म्हणजे कमी घातक, हे समीकरण मांडून खरेदी करणार असाल तर करू नका. पूर्ण आकाराच्या सिगारमध्ये साधारण 5 ते 20 ग्रॅम तंबाखू असते, सिगरेटमध्ये एक ग्रॅमहून कमी. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे तो छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका दोन्ही आकारांत आहे. छोटीचा वेगळा धोका असा की ती सोयीची असते. महिन्यातून एक मोठी ओढणारा माणूस छोट्यांवर आला की आठवड्याला चार कधी होतात ते कळत नाही. सिगरेटवरून सिगारिलोवर आलेला तर सवयीनं धूर आत ओढतोच, म्हणजे त्यानं फक्त पाकीट बदललं. आजवर काहीच ओढत नसाल तर हा सगळा आढावा तुमच्यासाठी नाही.

मग घ्यायची कुठली

निवांत दुपार, हक्काची गच्ची आणि गप्पांना माणूस असेल तर रोबुस्टो. एकट्याने, कामाच्या दिवशी, अर्ध्या तासात उरकायचं असेल तर पेटिट कोरोना. माझी पसंती तीच, कारण तिच्यात चवीची चढण थोडी तरी उरते. थंडीत बाल्कनीत उभं राहायचं असेल तर हाफ कोरोना. सिगारिलो मी कुणाला सुचवणार नाही.

परदेशातून येताना आणणार असाल तर मात्र हे गणित फिरतं. भारतात सवलतीत 100 सिगरेटी किंवा 25 सिगार किंवा 125 ग्रॅम तंबाखू आणता येते. सिगारचे नग मोजतात, मग ती 90 मिलिमीटरची असो की 178 ची. ब्रिटनला जाताना 50 सिगार किंवा 100 सिगारिलो चालतात, आणि तिथे सिगारिलो म्हणजे 3 ग्रॅमपर्यंतचीच. हाफ कोरोना त्यात बसत नाही, ती सिगारमध्येच मोजली जाते. पिशवीत जागा असेल तर येताना मोठ्या घ्या, छोट्या इथल्या दुकानातून.