जुन्या बुलेटला ‘नवे’ म्हणून विकलेले पंधरा वर्षांचे टायर

घरात जुनी बुलेट, जावा किंवा राजदूत असेल आणि टायर बदलायला निघाला असाल, तर “हा साइज आता बंद झालाय” म्हणणाऱ्या दुकानदारापासून चार हात लांब राहा. आमची फसवणूक याच वाक्यापासून सुरू झाली.

गाडी वडिलांची, १९७४ सालची ३५० बुलेट. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, दोन्ही चाकांना ३.२५-१९ टायर. टायर गोटा झाले नव्हते, पण रबर कडक पडलं होतं, म्हणून २०२४ मध्ये जोडी बदलायची ठरलं. आम्ही लातूरचे, जुन्या गाड्यांचं सामान मिळतं म्हणून संभाजीनगरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार बोलायला गोड. वडिलांना म्हणाला, “काका, असा माल आता मिळंना गेलाय. साचाच मोडलाय कंपनीनं. एकच जोडी उरलीय, नव्या कंपाउंडची.” टायरवरचे रबराचे बारीक केस बोटाने दाखवून म्हणाला, “बघा, एक किलोमीटर पळालेलं नाही.” भाव बाजारापेक्षा जवळजवळ दुप्पट. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वरून लागेल. कोऱ्या चिठ्ठीवर ‘टायर जोडी, ट्यूब २’ एवढंच लिहून दिलं. पैसे आम्ही यूपीआयने दिले. टायर हातात न देता त्याच्याच पोराने लगेच चाकावर चढवले.

आता यातलं खोटं काय ते सांगतो. २०२३ मध्ये नव्या इंजिनाची बुलेट आली आणि तिचे टायर बदलले, हे खरं. पण त्याआधीच्या बुलेट ३५० ला पुढे-मागे हाच ३.२५-१९ होता आणि त्या गाड्या गावोगाव फिरताहेत. त्यामुळे या मापाचे ताजे टायर बनतात, साध्या टायरच्या दुकानात मिळतात. जुन्या जावाच्या १६ इंची चाकाला टायर शोधावा लागतो हे मान्य, आणि तिथे असल्या लोकांचं आणखी फावतं. पण टंचाई सांगूनच तुमची घाई केली जाते. केसांचंही तसंच. गोदामात पडून राहिलेल्या टायरलाही ते असतात. टायर पळाला नाही एवढंच त्यावरून कळतं, वय कळत नाही. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर लवकरच.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. रेणापूरच्या अलीकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणून टाकलेली. धाकटा भाऊ गाडी चालवत होता, वेग बेताचा. वळणावर ब्रेकला पाय लावला तसं मागचं चाक साबणावरून सरकावं तसं निघून गेलं. भावाचं कोपर सोलवटलं, फुटरेस्ट वाकला. समोरून काही येत नव्हतं म्हणून वाचला. पुढच्या चाकातली हवाही गेली होती.

फाट्यावर पंक्चर काढणारे एक चाचा आहेत. त्यांनी टामी लावून पुढचा टायर उचकटला आणि ट्यूब बाहेर ओढली. नवी म्हणून पैसे घेतलेल्या ट्यूबवर जुने पॅच, एक दुसऱ्यावर चढलेला. रिमवर आऱ्यांची टोकं झाकणारी रबरी पट्टीच नाही. त्या टोकांनीच ट्यूब खाल्ली होती. चाचांनी टायर पाण्याच्या टबात घालून साबणाने घासला. पाणी काळं झालं, चकाकी उतरली आणि नक्षी जिथे बाजूला मिळते तिथे सगळीकडे बारीक भेगा दिसल्या. त्यांनी टायर वाकवला तशा त्या उघडल्या. मग बाजूवरचा एक गुळगुळीत पट्टा दाखवून ते म्हणाले, “इथला नंबर ग्राइंडरनं उडवलाय बघा, बेटा.” मागच्या टायरवर मात्र नंबर शाबूत होता, चेनकव्हरच्या बाजूला, पॉलिशखाली दबलेला: १४०९.

हे चार आकडे प्रत्येकाने वाचायला शिका. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत ते असतात, बऱ्याचदा एकाच बाजूला. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. आमचा टायर २००९ च्या चौदाव्या आठवड्यातला, म्हणजे पंधरा वर्षांचा. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, टायर काढा असं टायर कंपन्याच सांगतात. म्हणून टायर चाकावर चढायच्या आधी हातात घ्या, दोन्ही बाजू फिरवून बघा, आकड्यांचा फोटो काढा. आकडे नसतील, तिथे घासलेलं असेल किंवा स्टिकर असेल तर घेऊ नका. आयएसआयची खूण बघा. अंगठ्याचं नख दाबा. ताज्या रबरात ते रुततं.

आणि “आधुनिक” शब्दाला भुलू नका. त्याच दुकानदाराने आधी आम्हाला रुंद ट्यूबलेस टायर गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. जुन्या गाडीच्या आऱ्यांच्या चाकाला रिमवर भोकं असतात, तिथे ट्यूब लागतेच. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचा आकार चेपतो, वळणावर गाडी जड होते आणि तो चेनकव्हरला घासू शकतो. जुन्या गाडीला कंपनीने दिलेलंच माप घ्यावं, रबर मात्र या वर्षीचं असावं. नवं घ्यायचं ते एवढंच, आणि ट्यूब व रिमपट्टी त्याबरोबर नवीच.

दुकानदाराने फोनवर सरळ हात वर केले: टायर माझे नव्हेतच. पण चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि भाव ठरवतानाचे व्हॉट्सॲप संदेश आमच्याकडे आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली, तिलाही त्याने दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दुकान संभाजीनगरला असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून लातुरातच केली. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, ते आम्ही तक्रारीत वेगळं मांडलं.

प्रकरण चालू आहे. दोन्ही टायर आणि ती ट्यूब पोत्यात बांधून घरी ठेवलीय. तुमच्या बाबतीत असं झालं तर काढलेला टायर पंक्चरच्या दुकानात सोडून येऊ नका, भंगारात घालू नका. आयोगापुढे दाखवायला तोच लागतो.